आज मी कोण

शुभा कोणालाच एका दमात दोन प्रश्न विचारायची नाही. तिच्या घरी गेलं की म्हणायची, "काकी, काही घेणार?" हो म्हटलं की मग, "गरम की गार?" गरम म्हटलं की, "चहा की कॉफी?" आणि चहा म्हटल्यावर साखरेचं. एकदा मी वैतागून म्हणाले, "अगं, चहा कर, साखर कमी, आलं घाल. एकदाच सांगते, संपव." तर हसली आणि म्हणाली, "तुम्ही गार म्हणाला असतात तर आल्याचं विचारून काय उपयोग होता?"

म्हटलं, ही पोरगी डोक्याने जरा वाकडीच आहे.

आमची चाळ काळाचौकीला. तिची खोली आणि माझी खोली यांच्यामध्ये एक भिंत. मी इकडे खिळा ठोकला तर पलीकडे फळीवरची भांडी वाजायची. माझे यजमान गेले तेव्हापासून मी एकटी. मूलबाळ नाही. भिंतीपलीकडे शुभा आणि तिची आई इंदूवहिनी. शुभा लहान असतानाच बाप गेला. वहिनीने लालबागला मसाल्याच्या दुकानात मिरच्या निवडल्या आणि पोरीला शिकवलं. दुकानातून आली की हातांची आग व्हायची, म्हणून ताकात बोटं बुडवून गॅलरीत बसायची. जो जाईल येईल त्याला सांगायची, "माझा चेडू काम्पुटरवर बसता." ती मालवणकडची. त्यांच्यात मुलीला चेडू म्हणतात. मी साताऱ्याकडची, मला तो शब्द पहिल्यांदा शिवीसारखा वाटला होता.

शुभाने लग्न केलं नाही. मी एकदा तोंडावर विचारलं. "त्या यादीत कोणी आलंच नाही, काकी," म्हणाली आणि धुणं वाळत घालायला गेली. तिच्या तोंडी सारखी यादी असायची. पण बाजारात जाताना मात्र हातात कागद नसायचा. कोळणीपुढे उभी राहायची आणि म्हणायची, "पहिलं सांग, आज आलंय काय." कोळीण म्हणायची, "तुला काय पाहिजे ते बोल ना, बाय." ही म्हणायची, "तू दाखव, मग मी बोलते." पापलेट घ्यायचं ठरवून गेलं आणि पापलेटच नसलं की माणूस उगाच खट्टू होतो, असं तिचं म्हणणं. यादी समोर बघून करायची, घरून करून न्यायची नाही.

तिचं ऑफिस वडाळ्याला होतं. लोक मोबाइलवर फॉर्म भरतात ना, नाव, गाव, पत्ता, ते फॉर्म ती बनवायची. बनवून झाला की ऑफिसात दाखवायच्या आधी माझ्या हातात आणून द्यायची. "काकी, भरा."

"मी चौथी शिकलेली बाई. मला काय कळतंय?"

"म्हणूनच. तुम्ही चिडलात की मला कळतं कुठे चुकलं ते."

मी चिडायचे हे खरं. एका फॉर्ममध्ये राज्य विचारलं. बोट लावलं तर खाली लांबच लांब यादी पडली. त्याला ड्रॉपडाउन म्हणतात, हे तिनेच सांगितलं. मी महाराष्ट्र निवडलं. मग जिल्हा विचारला, आणि तिथे भलत्याच मुलखातली गावं. मी मोबाइल तिच्या मांडीवर टाकला. "तुझा फॉर्म बहिरा आहे. मी एक सांगते, तो दुसरंच ऐकतो."

तिला तो शब्द फार आवडला. नंतर ऑफिसच्या फोनवर बोलताना मी भिंतीतून ऐकायचे. "अरे, फॉर्म बहिरा आहे का बघ. वरचं उत्तर बदललं की खालची यादी बदलली पाहिजे." मला म्हणायची, "काकी, सगळं काम एवढंच आहे. माणूस काय म्हणाला ते ऐकायचं, आणि मग त्याच्यापुढे काय ठेवायचं ते ठरवायचं." मी म्हणायचे, एवढ्यासाठी पगार देतात होय?

पुढे इंदूवहिनी विसरायला लागली. आधी गॅसवरचं दूध, मग आपलं आडनाव. मसाल्याचं प्रमाण मात्र पक्कं होतं. कोणत्याही वेळी विचारा, धणे किती, बेडगी किती, लवंगी किती, धडाधड सांगायची. आणि एका सकाळी शुभा डबा भरत होती, तिच्याकडे बघून वहिनी म्हणाली, "आक्का, खंय होतंस गो इतके दिवस?"

आक्का म्हणजे वहिनीची थोरली बहीण. ती जाऊन जमाना झाला. शुभा म्हणाली, "आई, मी शुभा." वहिनी म्हणाली, "शुभा कोण?"

काही दिवस हे असंच चाललं. आई आक्का म्हणायची, पोरगी म्हणायची मी शुभा. वहिनी आधी गोंधळायची, मग घाबरायची, मग रडायची. भिंतीतून मला सगळं ऐकू यायचं. शेवटी मी जाऊन म्हणाले, "तुझी आई सांगतेय मी गरम घेणार, आणि तू तिला बर्फ देतेस. आता बहिरं कोण?"

दुसऱ्या दिवशी वहिनीने विचारलं, "आक्का, खंय होतंस?" तर शुभा जवळ बसून म्हणाली, "विहिरीवर गेलेलंय गो. पाणी भरूक." वहिनीचा चेहरा असा निवळला की बघत राहावं. दोघी मग त्या विहिरीबद्दलच बोलत बसल्या. ती विहीर शुभाने कधी पाहिलेलीसुद्धा नव्हती.

तेव्हापासून तो घरचा नेमच झाला. उठल्यावर शुभा आईपुढे बसायची आणि विचारायची, "आज मी कोण?" वहिनी निरखून बघायची आणि सांगायची. कधी आक्का, कधी नर्सबाई, कधी मसाल्याच्या दुकानातली सोबतीण. जे म्हणेल ते शुभा व्हायची. आक्का झाली की पेज आणि गावच्या गोष्टी. नर्सबाई झाली की गोळ्या मुकाट गिळल्या जायच्या, पण केसांना हात लावू द्यायची नाही. सोबतीण झाली की दोघी मिळून मालकाला शिव्या घालायच्या. ऑफिसला जाताना शुभा मला सांगून जायची, "काकी, आज नर्स आहे हं." दिवसा मीच बघायचे वहिनीला. पण माझ्या लक्षात कुठे राहायला, कुठल्या बाईने काय बोलायचं आणि काय भरवायचं.

म्हणून तिने माझ्यासाठी एक फॉर्म बनवला. तिच्या जुन्या मोबाइलवर, मोठ्या अक्षरांत. वर एकच प्रश्न, "आज मी कोण?" खाली यादी. आक्का निवडलं की पुढची यादी आक्काची यायची: काय बोलायचं, काय खायला द्यायचं, काय विचारायचं नाही. नर्स निवडलं की ती सगळी जाऊन नर्सची. मी म्हणाले, "मी तुझ्या आईला तुझ्या जन्माआधीपासून ओळखते. मला मोबाइलमधून शिकवतेस?"

"आईला ओळखता. आक्काला कुठे ओळखता?" म्हणाली.

पहिल्याच दिवशी त्या फॉर्मने माझी फजिती केली. सकाळी मी आक्का होते. आम्ही विहिरीच्या गप्पा मारल्या, पेज प्यायलो. दुपारी वहिनी झोपून उठली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी मोबाइल उघडला. तो पुन्हा काही विचारेना, सकाळचं आक्काच धरून बसलेला. मी म्हटलं, "इंदू, विहिरीवर चल." तर तिने हातातली वाटी माझ्या कपाळावर मारली. "कोण गो तू? माझ्या घरात कित्याक इलंस?" मी पुन्हा उघडून बघितलं. पुन्हा आक्काच.

संध्याकाळी शुभा आली. माझ्या कपाळावरचं टेंगूळ बघून आधी बर्फ आणला, मग लॅपटॉप घेऊन बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "चूक माझी आहे, काकी. यादी सकाळी चालू करताना एकदाच होत होती आणि दिवसभर तीच राहत होती. ती दर वेळी, उघडाल तेव्हा नव्याने व्हायला हवी होती." मग जरा थांबून म्हणाली, "बाजारात मला कळतं हे. घरात चुकले बघा."

मग तिने दुरुस्त केलं, आणि यादीत 'चोर' म्हणून एक वाढवलं. चोर निवडलं की पुढे यायचं: दोन्ही हात रिकामे दाखवा, गॅलरीत जाऊन उभ्या राहा, थोड्या वेळाने दार वाजवून पाहुण्यासारख्या आत या. मी हसले. पण ते लागू पडायचं. मी महिन्यातून बऱ्याच वेळा चोर व्हायचे आणि पाहुणी होऊन परत यायचे. शेजारचे विचारायचे, मावशी, बाहेर का उभ्या? मी सांगायचे, चोरी सापडली.

ह्या सगळ्यात एक गोष्ट मी बघत होते. आई तिला कधी शुभा म्हणायची नाही. रोज सकाळी ही पुढ्यात बसायची, "आज मी कोण?" आणि उत्तर येईपर्यंत श्वास धरून बसायची. उत्तर आलं की लगेच हसून कामाला लागायची. मला काय वाटायचं ते मी बोलले नाही. बोलून काय झालं असतं?

मग तिला स्वतःलाच दुखणं लागलं. पोटाचं होतं. परळच्या इस्पितळात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की फार उशीर झालाय. मला सांगायला आली तेव्हा मी तांदूळ निवडत होते. ती जमिनीवर बसली आणि तिच्या रीतीने एकेक विचारत गेली.

"काकी, आईला तुम्ही दिवसा बघता. पुढेही बघाल?"

"बघेन."

"रात्री?"

"बघेन."

"ती तुमच्या खोलीत येऊन राहिली तर चालेल? की तुम्ही तिकडे जाल?"

"मी जाईन. तिला जागा बदलली की भीती वाटते."

तिने मान डोलावली. "मग पुढचं सांगते," म्हणाली, आणि तेव्हा आजाराचं सांगितलं.

मी तांदळाचं ताट खाली ठेवलं. म्हटलं, "आणि मी पहिल्यालाच नाही म्हणाले असते तर?"

"तर दुसरी यादी होती."

"कसली?"

"आता ती दाखवायची गरज नाही, काकी," म्हणाली. आणि ताट ओढून घेऊन माझे तांदूळ निवडायला लागली. मला कळून चुकलं. म्हाताऱ्यांना ठेवून घेणाऱ्या जागा ती बघून आली असणार, एकटीच, आणि ह्या आजारात.

औषधोपचार सुरू झाले. ती इस्पितळात चार-सहा दिवस राहायची, परत यायची. केस गेले. डोक्याला रुमाल बांधायची. वहिनी तिला तशी बघून आधी बिचकली, मग नर्सबाई म्हणायला लागली. शुभा म्हणाली, "बरं झालं. गोळ्या तरी घेते माझ्या हातून." एका हातात आपल्या गोळ्या आणि दुसऱ्या हातात आईच्या, अशी दोघींची औषधं चालायची.

एकदा ती इस्पितळात असताना मी आणि वहिनी जेवायला बसलो होतो. भात, कुळथाची पिठी. वहिनीने चव घेतली, तोंड वाकडं केलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "शुभा, मीठ दी गो."

मी मीठ दिलं.

जेवण झाल्यावर मोबाइल उघडला. "आज मी कोण?" यादी बघितली. शुभा कुठेच नाही. खाली 'दुसरं कोणी' म्हणून होतं, तिथे मी एकेक अक्षर शोधून लिहिलं, शुभा. यादीत ते नाव दिसलंसुद्धा. त्याच्यावर बोट ठेवलं, तर लाल अक्षरांत आलं: ही निवड यादीत नाही.

शुभा परत आली त्या दिवशी मी तिला सांगितलं. फिरवून सांगायला मला येत नाही. "तुझ्या आईने मला शुभा म्हटलं. आणि तुझा फॉर्म म्हणतो, असं कोणी यादीत नाही."

ती पलंगाच्या कडेवर बसली होती. तिने विचारलं, "कशी म्हणाली? रागाने?"

"नाही. सहज. मीठ मागितलं."

"मीठ कमी होतं?"

"होतं थोडं."

ती हसली. रुमाल नीट केला. म्हणाली, "माझं नाव मीच घातलं नव्हतं, काकी. मला वाटलं, ज्या दिवशी ती शुभा म्हणेल त्या दिवशी यादी लागणारच नाही. मी असेन ना समोर."

मी उठून पाणी आणायला गेले. पाणी भरायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ आत राहिले.

परत आले तर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. मला समजावून सांगायला लागली, जणू त्याच्यासाठीच मला बोलावलं होतं. "तुम्ही लिहिलेलं नाव पडद्यावर दिसत होतं, पण आत कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे बघा, पंगतीत एक पान वाढवून मांडलं, पण आत वाढपींना सांगितलंच नाही. ते येऊन म्हणणार, हे पान आमच्या हिशोबात नाही." तिने तसं करून दिलं की आता मी जे नाव लिहीन ते आतही जाऊन बसेल. "मला विचारावं लागणार नाही," म्हणाली.

मग तिने यादीत शुभा घातलं. आणि त्याच्यापुढची यादी लिहायला बसली. बाकीच्यांच्या याद्या तिने एका बैठकीत संपवल्या होत्या. हिला दोन दिवस लागले. मधेच झोपायची, उठून पुन्हा लिहायची. मी विचारलं, "एवढं काय आहे?" म्हणाली, "आठवायला लागतंय. मी कशी वागायचे ते."

ती यादी मी नंतर वाचली. मीठ मागेल, द्यायचं. यायला उशीर झाला की बडबडेल, उलट उत्तर करायचं नाही. कपाळाला हात लावून ताप बघेल, बघू द्यायचा. तेल लावायला बसवेल, बसायचं. काम कसं चाललंय विचारेल, छान म्हणायचं. लग्नाचं काढेल, गप्प राहायचं.

त्यानंतर ती एकदाच इस्पितळात गेली आणि परत आली नाही. मी वहिनीला सांगितलं नाही. काही जणांनी मला बोल लावला, आईला हक्क आहे म्हणाले. मी म्हटलं, कुठल्या आईला सांगू? आज ती तिच्या गावच्या विहिरीवर आहे, धाकटी बहीण आहे, तिला मूलच झालेलं नाही. मग ते गप्प बसले.

त्या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. मी तिकडेच राहते. तो मोबाइल फुगलाय, पण चालतो. आक्का आता क्वचित येते. चोर तर येतच नाही. बहुतेक सकाळी मी पुढ्यात बसते, विचारते, आणि वहिनी म्हणते, "असा काय विचारतंस गो? शुभा मा तू." मग तेल लावून घेते. माझ्या डोक्यावर केस फार राहिले नाहीत, तरी चोळचोळून लावते.

शुभाला मी शेवटचं पाहिलं ते ती इस्पितळात जायला निघाली त्या सकाळी. खाली टॅक्सी उभी होती. मी चालले होते पोचवायला, पण वहिनीजवळ कोणी नव्हतं, म्हणून ती म्हणाली, "तुम्ही थांबा, मी जाते. मजल्यावरची मुलं सोबत आहेत." मुलं पिशवी घेऊन आधीच खाली गेली होती. वहिनी गॅलरीत खुर्चीवर बसली होती. शुभा तिच्यापुढे बसली. मला वाटलं, विचारेल, आज मी कोण. नाही विचारलं. नुसत्या आईच्या पदराच्या निऱ्या नीट केल्या, उठली आणि कठड्याला धरून जिन्याकडे निघाली. अगदी बारीक झाली होती. डोक्याला रुमाल, अंगात ढगळ पंजाबी ड्रेस. पाठमोरी बघितली तर शाळेतली पोर वाटावी.

वहिनी तिच्याकडे बघत होती. माझा हात ओढून म्हणाली, "शुभा, ता चेडू कोणाचा गो?"

शुभाने ऐकलं होतं. पहिल्या पायरीवर थांबून तिने मागे बघितलं, आधी आईकडे, मग माझ्याकडे.

"शेजारच्या काकीचा," म्हणाली.

"असा?" वहिनी म्हणाली. "जेवला मा ता?"

सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा घोटसुद्धा टिकला नव्हता.

"जेवला," शुभा म्हणाली, आणि जिना उतरून गेली.